नावेतला वर्षावास

भिक्षूंनी पावसाळ्यात कुठे राहावे आणि कुठे राहू नये, हा पाली विनयपिटकातल्या महावग्गाच्या तिसऱ्या खंधकाचा, म्हणजे प्रकरणाचा, विषय आहे. नको त्या जागांची यादी वाचताना हसू येते. झाडाच्या ढोलीत वर्षावास करू नये, कारण लोक म्हणाले, हे तर भुताखेतांसारखे राहतात. फांद्यांच्या बेचक्यात नको, तिथे शिकारी बसतात. छत्रीखाली नको, ते गुराख्यांचे झाले. प्रेत ठेवायच्या खोपटात नको, पाण्याच्या रांजणात नको, उघड्यावर तर नकोच. प्रत्येक मनाईच्या आधी कोणीतरी खरोखरच तसे करून बसल्याची हकीकत येते, त्यामुळे हे नियम अनुभवातून आले आहेत हे कळते. या यादीला लागूनच तीन परवानग्या आहेत. गुराख्यांच्या तळावर वर्षावास चालेल. सार्थात, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर, चालेल. आणि नावेत चालेल.

तिन्ही जागा हलत्या आहेत. एका ठिकाणी थांबण्याचे व्रत हलत्या ठिकाणी कसे पाळायचे, हा प्रश्न कोणालाही पडेल. ग्रंथ त्यावर वाद घालत बसत नाही. गुराख्यांचा तळ उठला तर काय करायचे, एवढेच विचारले जाते. उत्तर मिळते की तळ जाईल तिकडे भिक्षूने जावे. ज्यांच्या आधाराने भिक्षू पावसाळा काढतो ती माणसे हलली, तर त्यांच्यासोबत हलणे हेच त्याचे थांबणे ठरते. घर आणि जागा यांची फारकत करणारा हा निर्णय अडीच हजार वर्षे जुन्या परंपरेत एका ओळीत उरकलेला आहे. २०२० च्या महामारीत जगभरची शिडाच्या नावेवर राहणारी कुटुंबे समुद्रात किंवा बंदरात खोळंबली, तेव्हा त्यांच्यापुढे हाच प्रश्न उलट्या बाजूने आला. घर हलते, पण त्याला हलायची मुभा नाही. अशा थांबण्याला व्रत म्हणायचे की कैद?

वर्षावासाचा उगम राजगृहाच्या वेळुवनात सांगितला जातो आणि तो फारसा आध्यात्मिक नाही. शाक्यपुत्राचे श्रमण हिवाळा, उन्हाळा, पावसाळा न पाहता हिंडतात, हिरवे गवत तुडवतात, एकेंद्रिय जीवांना इजा करतात, बारीकसारीक किडामुंगी मारतात, अशी लोकांची तक्रार होती. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी बसतात, पाखरेसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटी करून राहतात, मग यांनाच काय झाले? ही कुरकुर बुद्धाच्या कानावर गेली आणि नियम झाला. आषाढी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी बसावे, किंवा ते चुकले तर महिन्याने बसावे, आणि तीन महिने हलू नये.

जैन परंपरेत हाच विचार अधिक कडक आहे. कल्पसूत्रात महावीरांचे ४२ चातुर्मास जागेनिशी मोजलेले आहेत: पहिला अस्थिकग्रामात, तीन चंपा आणि पृष्ठचंपेत, बारा वैशाली आणि वाणिज्यग्रामात, चौदा राजगृह आणि नालंदेत, सहा मिथिलेत, दोन भद्रिकेत, आलभिका, पणितभूमी आणि श्रावस्तीत एकेक, आणि शेवटचा पावेत. आयुष्य मुक्कामांच्या यादीने सांगितलेले असे चरित्र विरळाच. त्याच ग्रंथात असेही येते की पावसाचा एक महिना वीस रात्री उलटल्यावर महावीरांनी पर्युषणाला बसण्याचा पायंडा घातला. कारण तोवर गृहस्थांची घरे शाकारून, सारवून, पाणी वाहून जायला चर खणून झालेली असत. साधूचे बसणे गृहस्थाच्या छपरावर अवलंबून होते, हे इतक्या सरळपणे क्वचितच कुठे लिहिलेले सापडते.

वैदिक परंपरेतल्या संन्याशांनाही चातुर्मास आहे, पण पुष्कळ मठांत महिन्याऐवजी पक्ष धरून तो दोन महिन्यांत, भाद्रपदी पौर्णिमेला संपवतात. गृहस्थाचा चातुर्मास मात्र जागेचा नाहीच, तो ताटातला आहे. कांदा, लसूण, वांगे सोडायचे, एखादा नेम धरायचा, कहाण्या वाचायच्या. थांबण्याची जबाबदारी देवावर सोपवलेली आहे: आषाढी एकादशीला विष्णू क्षीरसागरात शेषावर निजतो तो कार्तिकीला उठतो. पाण्यावर तरंगत चार महिने काढणारा या परंपरेतला एकमेव गृहस्थ तोच म्हणावा लागेल.

हलत्या जागांचा हा नियम समुद्रापासून दूरच्या एका गावातून पाहू. यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, झरी जामणी तालुक्यातल्या मुकुटबनहून समुद्र दोन्ही बाजूंना शेकडो किलोमीटर दूर आहे. चुनखडी, कोळसा, कापूस आणि आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग ही इथली ओळख; पलीकडे पैनगंगा आणि तिच्या पल्याड तेलंगणा. शिडाच्या नावेवर राहणारे कुटुंब इथे असण्याचा प्रश्न नाही. तरीही विनयाच्या तीन हलत्या जागांपैकी पहिल्या दोन या भागात आजही ओळखू येतात. विदर्भात कित्येक दशकांपासून फिरणारे कच्छी रबारी उंट आणि शेळ्यामेंढ्यांसह डेऱ्यात राहतात. कपाशीची उलंगवाडी झाली की रिकाम्या शेतात कळप बसवला जातो, शेतकऱ्याला खत मिळते आणि डेऱ्याला चारा. पेरण्या झाल्या की शेते बंद होतात आणि डेऱ्याला माळ किंवा जंगलाची कड धरावी लागते. उंटाच्या पाठीवर बाज, बाजेवर गोधड्या, भांडी आणि कधी एखादे लेकरू. कुटुंबाचे सगळे घर तेवढेच. गुराख्यांच्या तळाचा नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे याहून फार वेगळे चित्र नसावे. सार्थाची जागा आता कोळसा आणि सिमेंट वाहणाऱ्या ट्रकांनी घेतली आहे. ट्रकची केबिन हेही एक घर असते. एप्रिल २०२० मध्ये ढाबे बंद आणि मालवाहतूक मात्र चालू, अशा दिवसांत कित्येक चालकांनी रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवून आठवडे काढले. तिसरी जागा तेवढी इथे अपुरी आहे. पैनगंगेवर मासेमारीचे डोंगे चालतात, पण त्यांत कोणी संसार करत नाही. पूर आला की ते काठावर ओढून बांधायचे.

कोकण किनाऱ्यावरही तेच आहे. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी आणि ताडपत्रीने शाकारतात, जाळी विणायला घेतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर हंगाम पुन्हा उघडतो. कोळी नावेवर राबतो आणि घरी राहतो. नावेवरच संसार मांडणारी कुटुंबे जगात आहेत, पण बिगरहंगाम त्यांनाही चुकत नाही. कॅरिबियन समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा काळ. दक्षिण पॅसिफिकात साधारण नोव्हेंबर ते एप्रिल. या महिन्यांत शिडाची नाव वादळांच्या पट्ट्याबाहेर न्यायची किंवा एखाद्या सुरक्षित खाडीत नांगरून ठेवायची, असा रिवाज आहे आणि विमा कंपन्यांच्या अटीही बहुधा तशाच असतात. थोडक्यात, या कुटुंबांचाही एक चातुर्मास असतो. त्यांना तो वारा सांगतो.

२०२० मध्ये वाऱ्याच्या जोडीला सरकारे आली. मार्चमध्ये एकामागून एक देशांनी सीमा बंद केल्या. न्यूझीलंडने आधी माणसांना आणि जूनअखेर परदेशी नावांनाही दार लावले. एरवी वादळांच्या काळात पॅसिफिकमधल्या नावा तिकडेच वळतात. फ्रेंच पॉलिनेशियातल्या नावा त्यामुळे होत्या तिथे राहिल्या. मोठ्या जहाजांची अवस्था याहून वाईट होती. करार संपूनही घरी जाता न आलेले खलाशी वर्षअखेरीस सुमारे ४ लाखांवर गेल्याचे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नोंदवले. साथीच्या भयाने नावेला अडवण्याची रीत जुनीच आहे. रगूझा, म्हणजे आजचे दुब्रोव्हनिक, या बंदराने १३७७ मध्ये रोगट मुलखातून येणाऱ्यांना शहरात शिरण्यापूर्वी ३० दिवस बाहेर थांबायला लावले. पुढे व्हेनिसच्या चालीने ते ४० झाले. विलगीकरणाचा हा आदेश नावेने येणाऱ्यांनाही लागू होता.

आता मूळ प्रश्न. व्रत म्हटले की ते स्वेच्छेने घेतलेले असावे, आणि सक्तीने थांबवले ती कैद, असा सरसकट समज आहे. वर्षावासाचा उगम पाहिला तर हा समज टिकत नाही. भिक्षूंना थांबायचे नव्हते; लोकांनी नावे ठेवली म्हणून त्यांना थांबावे लागले. इतरांच्या जिवाला आपल्या हिंडण्याने अपाय होतो, हे कारण बाहेरून सांगितले गेले आणि मग आत मान्य झाले. २०२० ची घरबंदीही याच कारणावर उभी होती: आपल्या फिरण्याने दुसऱ्याचा जीव जाऊ नये. तेव्हा आदेश कोणी दिला, यावरून थांबण्याची किंमत ठरवता येत नाही. फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टींनी.

पहिली गोष्ट मुदत. वर्षावासाला बसतानाच उठण्याचा दिवस ठाऊक असतो. मुकुटबनच्या शेतकऱ्यालाही बिगरहंगाम कळतो: उलंगवाडी ते मृग. घरबंदीचे तसे नव्हते. २५ मार्च २०२० ला ती २१ दिवसांची होती, मग ३ मे झाली, मग १७ मे, मग ३१ मे. त्या वर्षी कापूस खरेदी रखडली आणि विदर्भातल्या किती तरी घरांत राहत्या खोलीत कापसाचे ढीग पडून राहिले. त्याच्या शेजारी झोपायचे, अंगाला खाज सुटायची, आणि माप कधी होणार ते कोणी सांगत नसे. अधिक महिन्यामुळे त्या वर्षीचा चातुर्मासही पाच महिन्यांचा झाला, पण तो पाच महिन्यांचा आहे हे पंचांगात आधीच छापलेले होते. लांबलेली मुदत माणूस सोसतो. अंत माहीत नसलेल्या मुदतीत काळ आखता येत नाही आणि व्रताला आखलेला काळ लागतो. घरबंदी व्रतापासून दूर गेली ती मुख्यतः इथे.

चैन न पडणे हा अशा काळाचा विकार आहे आणि धर्मपरंपरांना तो चांगला परिचित आहे. बौद्ध विचारात ध्यानाच्या पाच अडथळ्यांमध्ये उद्धच्च-कुक्कुच्च ही जोडी येते, म्हणजे मनाची धावाधाव आणि मागच्याची हुरहुर. संगारव सुत्तात तिला वाऱ्याने हेलकावणाऱ्या पाण्याची उपमा दिली आहे, ज्यात आपले तोंड नीट दिसत नाही. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या ख्रिस्ती तपस्व्याने हाच आजार दुपारच्या सैतानाच्या नावाने वर्णन केला. त्याने पछाडलेला साधू सारखा खिडकीबाहेर बघतो, सूर्य किती वर आला ते मोजतो, आपली कोठडी, आपले काम आणि आपले सोबती यांचा त्याला वीट येतो, आणि दुसरीकडे कुठेतरी सगळे सोपे जाईल असे वाटू लागते. इव्हाग्रियसचा मुख्य उपाय: कोठडी सोडू नये. उपाय कडू आहे आणि एकट्या माणसाला बेतलेला आहे. नावेवरच्या कुटुंबाला तो पुरत नाही, कारण तिथे वीट आलेले सोबती दोन हातांवर बसलेले असतात आणि त्यांनाही वीट आलेला असतो.

दहा-बारा मीटर लांबीच्या नावेत चौघांचा संसार म्हणजे काय, हे एकदा डोळ्यांपुढे आणावे लागते. लाटेबरोबर आधण सांडू नये म्हणून शेगडी झुलत्या कड्यांवर टांगलेली असते. पिण्याचे पाणी टाकीत मोजके, म्हणून भांडी समुद्राच्या पाण्याने घासायची आणि गोड्या पाण्याचा हात फक्त शेवटी फिरवायचा. एकाला उठून पुढे जायचे तर दुसऱ्याने पाय आखडायचे. मुलांची शाळा, बापाची दुरुस्ती, आईचे काम एकाच मेजावर, पाळीपाळीने. चालत्या नावेत या अडचणी कामाच्या ओघात विरतात. नांगरलेल्या नावेत त्याच अडचणी दिवसभर समोर उभ्या राहतात. अशा वेळी शांतता टिकवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कमी बोलणे.

महावग्गाच्या चौथ्या खंधकात नेमकी हीच युक्ती काही भिक्षूंनी केलेली दिसते. कोसल देशात वर्षावासाला बसलेल्या या मंडळींनी ठरवले की भांडण नको, तर बोलणेच नको. भिक्षेहून जो आधी परतेल त्याने आसने मांडावीत, पाय धुवायचे पाणी ठेवावे. जो शेवटी जेवेल त्याने झाडलोट करावी. घडा रिकामा दिसला तर भरावा, एकट्याला झेपला नाही तर हाताच्या खुणेने दुसऱ्याला बोलवावे, पण तोंड उघडू नये. तीन महिने असे काढून ते बुद्धाकडे गेले आणि पावसाळा गुण्यागोविंदाने गेला असे अभिमानाने सांगू लागले. बुद्धाने त्यांची कानउघाडणी केली. हे गुराढोरांचे आणि मेंढरांचे एकत्र राहणे झाले, माणसांचे नव्हे. आणि तिथेच पवारणेचा विधी घालून दिला. वर्षावास संपताना प्रत्येकाने इतरांपुढे उकिडवे बसून, हात जोडून, तीनदा विनंती करायची: माझे काही चुकलेले तुम्ही पाहिले असेल, ऐकले असेल किंवा तुम्हाला शंका आली असेल तर दया करून सांगा, मी ते सुधारीन.

वर्षावासाचा सगळा अर्थ या एका विधीत आहे, असे म्हणायला हरकत नाही. जीवहिंसा टाळणे हे थांबण्याचे निमित्त. पण तीन महिने एकत्र राहून काय साधायचे, याचे उत्तर पवारणेने मिळते. जवळ राहिल्याने एकमेकांचे दोष दिसतात. ते गिळून टाकले तर मुक्काम फुकट गेला, आणि राग काढायला वापरले तरी फुकट गेला. ज्याचा दोष आहे त्यानेच आधी तो ऐकण्याची तयारी दाखवायची, हा मधला रस्ता आहे. शिवाय सुरुवात थेराने, म्हणजे सर्वांत ज्येष्ठाने करायची. संयुत्तनिकायातल्या पवारणा सुत्तात खुद्द बुद्ध श्रावस्तीला पाचशे भिक्षूंपुढे तीच विनंती करताना दिसतो. जैनांच्या संवत्सरीच्या क्षमापनेतही सासू सुनेची आणि बाप मुलाची क्षमा मागतो. मराठी घरांत वडीलधाऱ्याने धाकट्याला माझे काय चुकले असे विचारण्याची चाल एरवी नाही, आणि हा उणेपणा महामारीच्या महिन्यांत पुष्कळ घरांना जाणवला असेल.

यावर एक आक्षेप रास्त आहे. भिक्षू घर सोडून आलेले, एकमेकांचे बरोबरीचे. उद्या उठून वेगळ्या वाटा धरतील. कुटुंबाला ती सोय नाही, आणि मुलाने बापाचा दोष सांगितल्यावरही रात्री जेवायचे त्याच ताटात आहे. शिवाय नावेवर कोणाचा तरी शब्द शेवटचा असावाच लागतो. वादळात पवारणा चालत नाही. आचारांग सूत्रात या बाबतीत अगदी वेगळी भूमिका आहे. जैन मुनीला नदी ओलांडण्यापुरती नाव चालते, पण नावाडी म्हणाले की दोर ओढ, भोक बुजव, पाणी उपस, तर त्याने गप्प राहायचे. त्यांनी चिडून पाण्यात फेकले तरी प्रतिकार करायचा नाही. मुनी नावेत असतो, पण नावेचा नसतो. ही भूमिका तर्काला धरून आहे आणि कुटुंबाच्या दृष्टीने पूर्णपणे निरुपयोगी आहे, कारण तिथे पाणी उपसण्यातून कोणालाच सुटका नाही. विनय या दोन टोकांच्या मध्ये उभा आहे: भिक्षू नाव चालवत नाही, पण नावेतल्या माणसांच्या सोबतीला तो आपला मुक्काम मानतो.

सोबतीचा हा मुद्दा एका जागी टोचतोही. एकाचे थांबणे दुसऱ्याच्या राबण्यावर चालते. भिक्षू आषाढात बसतो तेव्हा शेतकऱ्याची सर्वांत जास्त धावपळ चालू असते: पेरणी, डवरणी, निंदण. त्याने चिखल तुडवला नाही तर भिक्षूच्या पात्रात काही पडणार नाही, आणि गवत व किडामुंगी त्याच्या पायाखालीही मरतात. घरबंदीतही हेच घडले. कोणी घरात राहू शकले, कारण सफाई कामगार, परिचारिका आणि ट्रकचालक बाहेर होते. तेलंगणात मिरची तोडायला गेलेले पूर्व विदर्भातले मजूर त्याच दिवसांत पायी परत येत होते. त्यांच्या थांबण्याची सोय कोणीच केलेली नव्हती. आसऱ्याशिवाय वर्षावास करू नये, हा विनयाचा नियम भिक्षूंसाठी आहे. पण थांबायला सांगणाऱ्याने आधी छप्पर पाहावे, हा त्यातला विवेक कोणत्याही आदेशाला लागू होतो. छत्रीखाली वर्षावास होत नाही.

व्रत आणि कैद यांत फरक पाडणारी दुसरी गोष्ट सवलतीची. वर्षावासातून सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येते, पण कारण लागते. भिक्षू, भिक्षुणी किंवा उपासकांनी बोलावणे धाडले तर जावे. आजारी सहधर्मी, आई आणि वडील यांच्यासाठी मात्र बोलावण्याचीही वाट पाहू नये. घर सोडून निघालेल्या माणसाला आईबापांसाठी ही मुभा आहे, हे लक्षात घेण्यासारखे आहे. महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० च्या आरंभापर्यंत जिल्ह्याबाहेर जायला ई-पास लागत असे आणि आजारपण, मृत्यू ही त्याची प्रमुख कारणे होती. दोन्ही व्यवस्थांत कारणांची यादी जवळपास सारखीच आहे. वेगळेपण एवढेच की विनयात परवानगी देणारा अधिकारी नाही. भिक्षूने कारण स्वतःच पारखायचे आणि मुदतीत परतायचे.

थांबायला लावल्यावर काय उरते, हा प्रश्न महामारीने धार्मिक आचारालाच विचारला. आळंदी आणि देहूच्या पादुका ३० जून २०२० ला एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या आणि दुसऱ्या दिवशी वारकऱ्यांविना आषाढी एकादशी झाली. वारी म्हणजे चालणे. पादुका पोचल्या तरी चालणे झाले नाही. विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत वर्षावासात विहारात जमून डॉ. आंबेडकरांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे रोज वाचन करण्याची रीत आहे. राज्यातली प्रार्थनास्थळे १६ नोव्हेंबरपर्यंत बंद असल्याने त्या वर्षीचा सगळा वर्षावास विहारांची दारे लागलेली असतानाच गेला आणि वाचन घरोघरी झाले. वारीचे नुकसान झाले तसे इथे झाले नाही, कारण थांबणे हाच ज्याचा गाभा आहे त्याला थांबण्याच्या आदेशाने फारसे काही गमावावे लागत नाही.

मुक्काम संपवून उठायचे कसे, यावर शतपथ ब्राह्मणातली मनूच्या प्रलयाची कथा बोलते. माशाच्या शिंगाला दोर बांधून मनूची नाव उत्तरेच्या पर्वताला लागते. मासा सांगतो, नाव झाडाला बांध, पण पाणी ओसरेल तसतसाच खाली उतर. मनू तसा हळूहळू उतरतो आणि त्या उताराला त्याच्या उतरण्याचेच नाव मिळते. बायबलमधला नोआ तर आठ माणसांच्या कुटुंबासह वर्षाहून थोडा अधिक काळ तारवात राहतो आणि जमीन कोरडी झाल्यावरही आज्ञा होईपर्यंत बाहेर येत नाही. प्रलय संपणे आणि मुक्काम संपणे यांत अंतर असते, हे दोन्ही कथांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत पुन्हा निर्बंध आले, तेव्हा हे अंतर इथल्या लोकांनाही मोजावे लागले.

राहिला प्रश्न ज्यांना थांबणे जमलेच नाही त्यांचा. विनयात वर्षावास मोडण्याची कारणे ओळीने दिली आहेत: श्वापदे, साप, चोर, आग, पूर, अन्नाचा तुटवडा, औषध न मिळणे, शुश्रूषेला माणूस नसणे. चोरांच्या भयाने गाव उठले तर गावाबरोबर जावे; गाव दुभंगले तर जिकडे जास्त लोक जातील तिकडे जावे. प्लेगच्या साथीत महाराष्ट्रातली गावे घरे सोडून शिवारात झोपड्या घालून राहत, त्या गावांसोबत कोणी भिक्षू असता तर त्याला हाच नियम लागला असता. या सगळ्या प्रसंगी ग्रंथ म्हणतो, वर्षावास मोडल्याचा दोष नाही. पण दोष नाही म्हणजे वर्षावास झाला असेही नाही. वर्षावासानंतर मिळणारे कठिन चीवर, म्हणजे वस्त्र, आणि त्याच्यासोबतच्या सवलती, पहिल्या तारखेला बसून जे अखंड राहिले त्यांनाच मिळतात. अपराध आणि हानी यांचा हिशेब इथे वेगवेगळा ठेवलेला आहे: पुराने विहार वाहून गेलेल्या भिक्षूला कोणी बोल लावत नाही, आणि त्याचा गेलेला पावसाळाही भरून देत नाही. महिन्यानंतरची दुसरी तारीख उलटली नसेल तर तिला बसण्याची वाट त्याला मोकळी असते, मात्र तसे बसलेल्यांनाही कठिनाचा हक्क पोचत नाही.